पाठीवर शब्दकोश

मी एक जुना पांगुळगाडा आहे, मित्रांनो, आणि तुमच्यापैकी कुणी मला ओळखलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही. ज्या वयात माझी गरज पडते, त्या वयातलं कुणालाच काही आठवत नाही. माझी दांडी धरून ज्यांनी पहिलं पाऊल टाकलं, ती माणसं आज मिशा पिळत माझ्या समोरून जातात आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे, फारसं नाही.

माझं रूप साधं आहे. खाली तिकोनी बूड, त्याला तीन चाकं, पुढच्या चाकावर एक रुंद फळी, मागे दोन उभे खांब आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी. बाळाने दांडी धरायची, मला पुढे ढकलायचं आणि माझ्यामागून यायचं, एवढंच माझं काम. माझं एक चाक दुसऱ्याच लाकडाचं आहे आणि ते 'कुईं' करतं. ते चाक जन्मापासून असंच आहे, म्हातारपणाने नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला घडवलं ते सुतारकाकांनी. त्यांचं दुकान घराच्या तळमजल्यावर होतं आणि वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहत होतं. भाऊ, वहिनी, त्यांचं नुकतंच रांगू लागलेलं बाळ आणि भाऊंची धाकटी बहीण. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. पुढे घरातल्या आणि दारातल्या सगळ्या पोरांची ती आत्या झाली, म्हणून मीही तिला आत्याच म्हणतो. बाळ इतकं गोलमटोल होतं की त्याचं पाळण्यातलं नाव मागे पडलं आणि आत्याने ठेवलेलं 'भोपळ्या' हे नाव कायमचं चिकटलं.

या भोपळ्यासाठी वहिनींनी काकांकडे पांगुळगाडा मागितला. काकांनी दाराच्या चौकटीतून उरलेले तुकडे काढले, पलंगाची एक मोडकी पाटी घेतली आणि एकही खिळा न वापरता, तुकडा तुकड्यात घुसवून मला उभं केलं. शेवटचा हात पॉलिशपेपरचा. तो फिरला तेव्हा मला गुदगुल्या झाल्याचं आठवतं.

सुतारकाकांची एक रीत होती. केलेली प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसून बघत. खुर्ची, पेटी, पलंग, इथवर ठीक आहे, पण ते खिडकीच्या झडपेवर बसत आणि देवळीच्या दारावरही बसत. काका म्हणजे चांगले आडवेतिडवे गृहस्थ. त्यांनी माझ्या चाकाला टाच लावली, माझ्या दांडीवर हळूच बूड टेकवलं आणि दोन्ही पाय वर उचलले. सगळं दुकान हसायला लागलं. मी मात्र हसलो नाही. मी दात-ओठ खाऊन उभा होतो. माझ्या एकाही सांध्याने हूं की चूं केलं नाही. काका उतरले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा. मला पेललंस, आता पोर काय चीज आहे!"

त्या दिवशी माझी छाती फुगली होती. ती फार वेळ फुगलेली राहिली नाही.

वरच्या मजल्यावर नेऊन मला व्हरांड्यात ठेवलं. भोपळ्या रांगत आला, त्याने माझी दांडी दोन्ही मुठींत धरली आणि उभं राहण्यासाठी ती आपल्याकडे ओढली. झालं! मी पुढचं चाक हवेत उचलून सरळ त्याच्या अंगावर मागे कलंडलो. बाळाच्या कपाळावर टेंगूळ आलं. त्याने घर डोक्यावर घेतलं आणि वहिनींनी मला.

"हा गाडा माझ्या डोळ्यांसमोर नको! फोडा आणि घाला चुलीत!"

काका धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, दांडी आपल्याकडे ओढून बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चुकलं माझंच. वरून किती भार पेलतो ते बघितलं. मागून कुणी ओढलं तर काय, ते बघितलंच नाही. पुढे वजन पाहिजे याच्या."

"मग ठोका ना एखादं लोखंड," भाऊ म्हणाले.

"कायमचं ठोकून नाही चालायचं. सुरुवातीला गाडा जड पाहिजे आणि पाय बसला की हलका. वजन काढता-घालता आलं पाहिजे."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. वरवंटा गोल, तो घरंगळणार. पाण्याची घागर डचमळणार. तेवढ्यात आत्या आपल्या खोलीत गेली आणि एक जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली. तो तिचा इंग्रजी शब्दकोश. पहिल्या पगारातून घेतलेला, कुणाला हात लावू न दिलेला. तिने तो माझ्या फळीवर ठेवला. फळी काही त्याच्या मापाची केलेली नव्हती, पण तो असा चपखल बसला की काकासुद्धा चकित झाले. मग दप्तराचा जुना पट्टा आणून बकल घट्ट लावलं. भोपळ्याने हुंदके देत पुन्हा दांडी ओढली आणि मी जागचा हललो नाही. त्याने पुन्हा ओढली, उभा राहिला, त्याला स्वतःलाच नवल वाटलं आणि त्याने मला ढकललं. कुईं! आम्ही निघालो.

अशा रीतीने, मित्रांनो, माझ्या पाठीवर शब्दकोश आला. जगात पुष्कळ पांगुळगाडे असतील, पण इतका शिकलेला दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. कारण आत्याला शब्द अडला की ती शब्दकोश उचलून नेत नसे. बकल कोण काढणार आणि कोण लावणार! ती खडूने पांढरी झालेली बोटं पदराला पुसत यायची, माझ्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसायची आणि तिथल्या तिथे पुस्तक उघडायची. वाचायचीही मोठ्याने. तेवढा वेळ भोपळ्याची गाडी अडलेली. तो फळीवर थापा मारत 'ब्बा! ब्बा!' करून निषेध नोंदवायचा. पण आत्या शब्द पुरा केल्याशिवाय उठायची नाही. मला शब्दांची गोडी लागली ती तिथे.

एका संध्याकाळी सुतारकाका माझी खुशाली बघायला आले. भोपळ्या मला घेऊन व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. काका समाधानाने म्हणाले, "ताई, आमच्या या गाड्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणायचं हो?"

आत्याने क्षणभर विचार केला. "स्टर्डी."

"म्हणजे?"

"दणकट. पाय रोवून उभा राहणारा. सहजासहजी न मोडणारा, न कलंडणारा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण आत्याला अर्थावर थांबायची सवय नव्हती. तिने बसकण मारली, शब्द काढला आणि खालच्या बारीक अक्षरांत शिरली. वाचता वाचता तिला हसू फुटलं.

"काका, या शब्दाचा पूर्वेतिहास काही ठीक नाही हं. जुन्या फ्रेंचमधून आलाय. तिकडे मूळ अर्थ होता, डोकं गरगरणारा. सुन्न झालेला, भोवंडलेला."

"म्हणजे उलटाच की!"

"ऐका तर. इंग्रजीत आला तेव्हा आधी याचा अर्थ होता बेफाम, आडदांड, कुणाला न जुमानणारा. मग झाला हट्टी. धडधाकट असून भीक मागत फिरणाऱ्या माणसांना कायद्यात हेच विशेषण लावायचे. आणि मग हळूहळू झाला मजबूत, भरवशाचा. पण मेंढ्यांना एक रोग होतो, त्यात मेंढी एकाच जागी गरगर फिरत राहते, त्या रोगाचं नाव अजून हेच आहे. स्टर्डी."

"आणि डोकं गरगरायचं कशाने?"

"ते नक्की ठाऊक नाही म्हणे. काही पंडितांचा अंदाज आहे, शब्दाच्या मुळाशी कस्तूर पक्षी असावा. द्राक्षांच्या मळ्यात उरलेली, आंबलेली द्राक्षं खाऊन तो झिंगतो आणि झोकांड्या खातो."

वहिनी पोट धरून हसल्या. काका मात्र गंभीर झाले. "हे काही बरं नाही, ताई. माझ्या गाड्याला दारुड्या पाखराचं नाव? दुसरा एखादा अब्रूदार शब्द बघा ना."

आत्याने पानं मागे उलटली. "हा घ्या. रोबस्ट. तुमच्या धंद्यातलाच आहे. लॅटिनमध्ये ओक झाडाला, त्याच्या कठीण लाकडाला जे म्हणायचे, त्यावरून आला. ओकसारखा बळकट तो रोबस्ट. आणि त्या नावामागे बहुधा लाल रंग आहे, म्हणे. आतल्या गाभ्याचा."

काकांचे डोळे चमकले. 'हा शब्द पाहिजे' असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मीही मनातल्या मनात त्यांना दुजोरा दिला. लॅटिन, ओक, लाल गाभा! पण मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली.

"नको. हा काही ओकचा नाही. चौकटीचा तुकडा आहे आणि पलंगाची पाटी. लाकडाबद्दल मला खोटं बोलवत नाही."

"मला तर पहिलाच आवडला," आत्या म्हणाली. "जन्मापासूनच भक्कम असेल त्याचं काय एवढं कौतुक? हा बिचारा भेलकांडत आला आणि चालता चालता सावरला."

खरं सांगतो, मी दोन दिवस रुसून होतो. कुईं सुद्धा मोठ्याने करत नव्हतो. पण मग भोपळ्याकडे बघितलं. तो भेलकांडत यायचा, चालता चालता सावरायचा. मलाही आठवलं की पहिल्याच दिवशी मी कसा तोंडघशी पडलो होतो, खरं तर पाठघशी. तेव्हा हा शब्द मी मुकाट्याने आपला म्हणून घेतला.

यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. आळीत कुणाचंही पोर उभं राहू लागलं की आई मला मागायला यायची. गाडा न्यायला ना नव्हती, पण शब्दकोश घराबाहेर जाणार नाही, असा आत्याचा दंडक. आणि वजनाशिवाय गाडा नेऊन करणार काय? मग पोरंच इकडे येऊ लागली. दुपारी आमच्या व्हरांड्यात शाळा भरायची. बेकरीवाल्याचा मुलगा फक्त उलटा चालायचा, मला ढकलण्याऐवजी ओढत न्यायचा आणि मागे भिंत आली की भिंतीवर रागवायचा. पोस्टमनच्या जुळ्या मुली एकाच वेळी दांडीला लटकायच्या. एक पुढे ढकलायची, दुसरी मागे, आणि दोघी घामाघूम होईपर्यंत मी तिथल्या तिथे. शिंपीणबाईंची लेक दांडी न धरता शब्दकोशावर चढून बसायची आणि 'चल' म्हणायची. तिला चालायला शिकवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

प्रत्येकाचा एक दिवस मात्र ठरलेला असे. पोराचा पाय नीट बसला असं वाटलं की आत्या बकल काढायची. शब्दकोश बाजूला घेऊन मला हलकं करायची. आता मी मागे कलंडू शकत होतो, पण पोराला मला ओढायची गरजच उरलेली नसायची. ते मला एखादा फेरा ढकलायचं, मग वाटेतच सोडून आईकडे धावायचं. आत्या टाळी वाजवून म्हणायची, "झालास स्टर्डी!" मुलगी असली तर "झालीस!" आळीत ही पदवीच होऊन बसली होती. पोरांच्या आयांना इंग्रजी येवो न येवो, हा शब्द सगळ्यांना यायचा. मी व्हरांड्याच्या मधोमध एकटा उभा राहायचो आणि मला बरं वाटायचं. आम्हा पांगुळगाड्यांचं यश असं सोडून दिलं जाण्यातच असतं.

मग दिवस पालटले. बाजारात रंगीबेरंगी, वाजणारे, बाळाला आत बसवायचे गाडे आले. आळीतली पोरं त्यांत बसून भिरभिरू लागली. सुतारकाका गेले, त्यांच्या दुकानात काचसामानाचं गोदाम झालं. मला माळ्यावर टाकलं. शब्दकोश आत्याच्या टेबलावर परतला. माझ्या एका बाजूला फुटका कंदील आणि दुसऱ्या बाजूला बिनदांड्याची छत्री. मंडळी वाईट नव्हती, पण बोलायला विषय फार नसायचे. भोपळ्या मोठा झाला, चष्मा लागला, नोकरी लागली, लग्न झालं, हे सगळं मी खालून येणाऱ्या आवाजांवरून ओळखलं. भाऊ-वहिनींचे आवाज एकामागून एक थांबले, तेही मी ऐकलं. आणि एके सकाळी स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर धप्प असा एक आवाज झाला आणि सूनबाईची किंकाळी ऐकू आली. आत्या पडली होती.

आत्याला कानाच्या आतलं काही दुखणं झालं होतं. उठलं की घर फिरायचं, वळलं की जमीन तिरकी व्हायची. औषधं झाली, दुखणं हटलं, पण आत्या खिडकीजवळच्या खुर्चीतून उठेना. डॉक्टरीणबाई घरी येऊन म्हणाल्या, "आजी, आजार गेलाय. तोल सांभाळायचं तुमचा मेंदू विसरलाय, तेवढंच. तो चालूनच शिकेल. भिंत धरा, हळू चाला, पण रोज चाला. आता बसलात तर बसूनच राहाल."

"उद्यापासून," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती 'उद्यापासून'च म्हणाली. रोज शाळेत पायी जाणारी, निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी लायब्ररीपर्यंत चक्कर मारणारी ही बाई आता खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसायची. तिला भीती वाटत होती आणि भीती वाटते हे तिला सांगवत नव्हतं. भोपळ्याने समजावलं, चिडून बघितलं, हात जोडले. शेवटी तोही थकला. घरातल्या सगळ्यांना दिसत होतं की आत्या हळूहळू त्या खुर्चीचीच होऊन जाईल.

अशात भोपळ्याची लेक उभी राहू लागली. तिला सगळे ठमी म्हणायचे. ठमी टेबलक्लॉथ ओढी, पडदा ओढी, बापाची विजार ओढी. मग भोपळ्याला कुठून तरी माझी आठवण झाली. त्याने मला माळ्यावरून काढलं, जाळी झटकली, पॉलिशपेपर फिरवला, चाकांना तेल दिलं. किती वर्षांनी गुदगुल्या झाल्या! त्याने मला ठमीसमोर ठेवलं. ठमीने दांडी ओढली आणि मी, मित्रांनो, पुन्हा एकदा मागे कलंडलो. सूनबाईने वेळेवर धरलं म्हणून टेंगूळ वाचलं.

"याचं काहीतरी बिघडलंय," भोपळ्या म्हणाला आणि मला उलटसुलट करू लागला. ज्याच्यासाठी एवढं सगळं घडलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तो बाहेरून एक वीट घेऊन आला.

तेव्हा खिडकीतून आवाज आला, "वीट? पोरीच्या पायावर पडली म्हणजे? अरे भोपळ्या, त्याचं वजन इथे आहे."

आत्याने शेजारच्या स्टुलावरचा शब्दकोश पुढे केला. तो आता दिवसभर तिच्याजवळ असायचा, वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवण्यासाठी. तेवढा एक विरंगुळा तिने ठेवला होता. दप्तराचा पट्टा केव्हाच गेला होता, म्हणून भोपळ्याने कमरेचा पट्टा काढून बांधला आणि एका हाताने विजार सावरत बायकोकडे बघून ओशाळं हसला. ठमीने दांडी ओढली. मी हललो नाही. कुईं! आम्ही निघालो.

दुपारी आत्याला शब्द अडला. "सूनबाई, जरा डिक्शनरी देतेस?"

सूनबाई घरीच कपडे शिवायची. कात्री न थांबवता ती म्हणाली, "गाडा ठमीकडे आहे, आत्या. आत्ता सोडला तर भोकाड पसरेल. तुम्हीच येता का?"

ती हे सहज म्हणाली की ठरवून, हे मला आजही सांगता येणार नाही. आत्या उठली नाही. कोड्यातली घरं रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. भोपळ्या म्हणाला, "फोनवर बघ ना, मी शिकवतो." आत्या म्हणाली, "फोनमध्ये शब्द दिसतो. त्याचे शेजारीपाजारी दिसत नाहीत." वर्तमानपत्रांचा गठ्ठा वाढत चालला, अर्धवट कोड्यांचा. शिकवलेल्या शेकडो पोरांपैकी कुणाचा गृहपाठ अर्धा राहिला तर जिला चैन पडत नसे, तिची काय अवस्था झाली असेल बघा.

मग एका दुपारी मी खुर्चीचा आवाज ऐकला. ठमी मला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला पोचली होती. मागे बघितलं तर आत्या उभी होती. एक हात भिंतीवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्यावर, म्हणजे माझ्या पाठीवरच्या पुस्तकावर. ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची. भिंत संपली, कपाट आलं. कपाट संपलं, दाराची चौकट आली. शिलाई मशीनचा आवाज थांबला होता. सूनबाई जागची उठली नाही. चौकटीपासून माझ्यापर्यंत धरायला काही नव्हतं. आत्या तिथे बराच वेळ उभी राहिली. मग ती मधलं अंतर एकदम पार करून आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. फतकल मारून, पूर्वीसारखीच.

ठमीने लगेच फळीवर थापा मारायला सुरुवात केली. "ब्बा! ब्बा!"

"थांब गं, तुझा बापही असाच बोंबलायचा," असं म्हणत आत्याने कोड्याचा शब्द शोधला. पण पुस्तक मिटलं नाही. तिने पुढची पानं उलटली, बोट खाली खाली नेलं आणि थांबली. पानावर काय होतं ते मला ठाऊक होतं. कितीदा तरी ओरडून सांगावंसं वाटलं होतं मला, माळ्यावरून, या व्हरांड्यातून, की आत्या, तूच म्हणाली होतीस ना! पण वस्तूंना तोंड नसतं. आता तीच वाचत होती, मोठ्याने, सवयीने.

"डोकं गरगरणारा. सुन्न झालेला. भोवंडलेला."

मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं, रडते. पण ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "ठमे, हा शब्द मी जन्मभर लोकांच्या पोरांना वाटला," ती म्हणाली. "आणि स्वतःला गरगरलं तेव्हा साफ विसरले बघ."

हे सगळं छान झालं, पण आता जमिनीवरून उठायचं कसं? हसू ओसरलं तशी तिची जुनी भीती परत आली. सूनबाई धावत आली.

"हात नको देऊस," आत्या म्हणाली. "दोघीही पडू. तू याच्या चाकाला टाच लाव. मागच्या. हां, घट्ट."

सूनबाईने ठमीला कडेवर घेतलं आणि माझ्या चाकाला टाच लावली. आत्याने दोन्ही हात माझ्या दांडीवर ठेवले आणि सगळा भार टाकला. मित्रांनो, मी आता नवाकोरा नव्हतो. माळ्यावरच्या ओल्या-सुक्या हवेत माझे सांधे सैलावले होते. मी सुतारकाकांना आठवलं, पाय उचलून बसलेले. मी दात-ओठ खाल्ले. माझा डावा खांब जरासा करकरला, माझ्या जिवात जीव उरला नाही, पण मी वाकलो नाही. आत्या उठली. उभी राहिली. डोळे मिटून, दांडी सोडून, सुनेच्या खांद्याला नुसतं बोट टेकवून.

"फिरतंय का?" सूनबाईने विचारलं.

"फिरतंय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "थांबलं."

त्या दुपारनंतर ती 'उद्यापासून' म्हणाली नाही. रोज शब्द अडायचा आणि रोज ती यायची. पुढे पुढे न अडलेला शब्दही अडू लागला. ठमी पुढे मला ढकलायची, मागून आत्या एक हात भिंतीला लावून यायची. दोघी सारख्याच डुलायच्या, सारख्याच दमायच्या. कधी ठमी बसकण मारायची, तर कधी आत्या चौकटीला टेकायची. दोघींत कोण आधी सावरते यावर भोपळ्या आणि सूनबाई लुटुपुटीची पैज लावायचे. आत्याचा हात भिंतीवर टेकायचा, मग नुसता घासत जायचा, मग भिंतीच्या जवळून चालायचा. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं आणि मला नमस्कार केला. चेष्टेने केला असेल, पण मी तो घेतला.

आणि मग तो दिवस आला. आत्या वाकली आणि तिने पट्टा सोडला. मी हलका झालो. ठमीने मला अर्ध्या व्हरांड्यापर्यंत ढकललं, तिथे मला सोडून दिलं आणि दोन्ही हात पसरून समोर बसलेल्या बापाकडे धावत सुटली. आत्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि ती थबकली. शब्दकोश तिच्या काखेत होता. भिंत पार पलीकडे होती. ठमीच्या मागोमाग ती व्हरांड्याच्या मधोमध, कशालाही न धरता उभी होती. हे तिच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं.

"झालीस स्टर्डी!" ती ठमीला म्हणाली.

भोपळ्याने लेकीला छातीशी धरलं आणि चष्म्यातून वर बघत म्हणाला, "आणि तू पण, आत्या."

आजन्म तिने ही पदवी दुसऱ्यांना दिली होती, तिला कुणी दिली नव्हती. ती मान वळवून खिडकीकडे चालत गेली आणि तिथून म्हणाली, "संध्याकाळी लायब्ररीत जाऊन येते म्हणते."

आता मी माळ्यावर नाही. आत्याच्या खुर्चीशेजारी असतो आणि माझ्या फळीवर शब्दकोश असतो, पट्ट्याविना. खालच्या काचवाल्याच्या घरी बाळ झालंय, त्याला अजून मान धरता येत नाही. माझी घाई नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल. त्याला सोडून गेलात याबद्दल त्याचं काही म्हणणं नसतं, त्यासाठीच तर ते होतं. फक्त ते फोडू नका. मधूनमधून धूळ झटका, चाकाला थेंबभर तेल द्या आणि त्याचं वजन कुठं ठेवलंय ते विसरू नका. आणि कुणी मोठं असो, लहान असो, भेलकांडत येताना दिसलं तर हसू नका. जरा सरकून वाट द्या. पुढे त्याचं काय होतं, ते शब्दकोशात लिहिलेलं आहे.